कावळ्याला टायरातलं काय कळतंय?

न्हाई, तुमीच सांगा, कावळ्याला टायरातलं काय कळतंय? दादाचा दहावा, नदीचा काठ, सगळी भावकी उन्हात उभी, माझं ताजं भादरलेलं डोकं तव्यासारखं तापलेलं, पुढं भाताचा पिंड मांडलेला, आन हा कावळा समोरच्या बाभळीवर बसून माझ्याकडं बघतोय! पिंडाकडं न्हाई, माझ्याकडं! आता पिंडाला कावळा शिवला न्हाई म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, हे सगळ्यांना माहीत. कशात अडकलाय ते कुणालाच ठाव न्हाई. मला ठाव होतं. टायरात.

हसू नका... बरं हसा. दादा असता तर तोच पहिला हसला असता.

तुम्हाला सांगतो, मी सटवा, बिभीषणचा धाकटा भाऊ. आमी मेंढरंवाले, चौसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. दादानं पंधरा वर्षं मेंढरांमागं पायी चालून टाचा फोडून घेतल्या, मग बकऱ्यांचा व्यापार धरला, आन व्यापार जमल्यावर पुण्याहून एक जुनी जर्मन गाडी आणली. काळी, लांबलचक, म्हशीसारखी चकाकणारी! मागची डिकी उघडली तर स्टेपनीच न्हाई. मी म्हणलं, "दादा, फसलास! स्टेपनी काढून घेतली बघ त्यांनी." दादा म्हणला, "येड्या, हिला स्टेपनी लागतच न्हाई. हिचे टायर हवा गेली तरी पळतेत. बाजू जाड असतेय त्यांची, गाडी बाजूवर उभी राहतेय. साठ-सत्तर किलोमीटर आरामात." आन स्टेपनीच्या जागी त्यानं काय ठेवावं? कोकरू! नवं जन्मलेलं कोकरू जर्मन गाडीच्या डिकीत, आन गाडी बाजाराला.

वर्षानं टायर झिजले. दादा म्हणला, "सटव्या, बीडला जा, हे टायर बदलून आण. हेच आण बरं का. रनफ्लॅट म्हणायचं." म्हणलं, म्हणतो की! त्यात काय अवघड हाय?

दुकानदार भला माणूस. त्याला दोष देऊ नका, मी देत न्हाई. त्यानं दोन टायर माझ्यापुढं ठेवले. "हे बघा पाव्हणं, हे रनफ्लॅट आन हे साधे. हे जरा कडक, खड्ड्यात आदळतेत. ते मऊ चालतेत. पण तुमच्याकडं स्टेपनी न्हाई, तवा विचार करून घ्या." आता विचार कर म्हणल्यावर मी काय केलं असंल? चौथीतून शाळा सोडलेला माणूस विचार कशानं करतो? हातानं! आमच्यात एडका घेताना पाठीवर अंगठा दाबून बघतेत. मऊ लागला म्हणजे मांस धरलंय, तरणा हाय. टणक लागला म्हणजे म्हातारा, हाडं राहिलीत, सोडून दे. मी त्या रनफ्लॅटच्या बाजूवर अंगठा दाबला. दगड! साध्यावर दाबला... आहाहा! तरणाबांड! म्हणलं, "मालक, आमाला फसवता व्हय? हे म्हातारं टायर कुणाला तरी शहरातल्याला विका. हे चार द्या." तो म्हणला, "पाव्हणं, टायर हाय, बकरं न्हाई." मी म्हणलं, "मला शिकवू नका, माझा जन्म दाबण्यात गेलाय!"

येताना गाडी अशी चालली, अशी चालली, जणू गवतावरून. तेवढ्यात दादाचा फोन. "तेच घेतले ना रे? हवा गेली तरी पळणारे?" मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. आन तोंडातून निघालं, "हो हो, तेच." घरी पोचल्यावर सांगू. मग म्हणलं, जेवल्यावर सांगू. मग म्हणलं, उद्या. त्या उद्याला सहा महिने झाले बघा.

आन दादा! तो सगळ्या गावाला सांगत सुटला. भाच्याच्या जावळाला पाव्हणे जमले तर ह्याचा आवाज मांडवाबाहेर. "अरे, हवा सोडून दाखवू का? सोडतो आन चौसाळ्याला जाऊन येतो!" खाली बसून व्हॉल्व्हचं टोपण काढायला लागला! मी पळत गेलो आन चाकाला पाठ लावून खालीच बसलो. "दादा, आज अमावस्या हाय, हवा सोडत न्हाईत!" तुम्हाला खोटं वाटंल, पण सगळे म्हातारे माना हलवायला लागले. आमचे चुलते आश्रुबा तात्या तर म्हणले, "खरंय पोराचं. आमच्या वेळंला बी सोडत नव्हते." तुमच्या वेळंला गाडी कुठं होती, तात्या?

असं हसण्यावारी चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी दादा मेंढरांच्या वाड्यात लोकर कातरत होता. कातरता कातरता थांबला, मेंढीवरच हात ठेवून बसला. म्हणला, छातीवर कुणीतरी बसलंय. वहिनी पोरीला घेऊन शाळेत गेलती. मी एकट्यानं त्याला उचलून गाडीत घातलं आन बीडच्या रस्त्याला लागलो. चौसाळा मागं पडलं आन मागनं आवाज आला... फस्स. गाडी एका अंगाला ओढायला लागली. दादाचे डोळे मिटलेले. म्हणला, "हवा गेली का रे?" मी म्हणलं, "गेली." तर हसला. त्या तसल्या कळांत हसला हो! "मग थांबतोस कावून? ह्याच्यासाठीच तर घेतलेत. चल बिनधास्त." आन जरा वेळानं म्हणला, "जन्मात एक काम शहाण्यासारखं केलंस बघ, सटव्या."

काय करावं माणसानं? सांगावं? त्या टायमाला? मी चालवत राहिलो. मऊ टायर हो तो, त्याच्या चिंध्या झाल्या, मग लोखंड रस्त्यावर घासायला लागलं, मग गाडी जागेवर उभी राहिली. पाऊण तास. पाऊण तासानं एक कांद्याचा टेम्पो थांबला.

डॉक्टर म्हणले, "लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं." सांगता आलं नसतं म्हणजे काय? हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा! मी त्यांचा हात धरून विचारलं. ते हात सोडवून दुसऱ्या पेशंटकडं गेले. मी गावात सांगितलं, पंक्चर झालतं. सगळे म्हणले, नशीब. मी बी मान हलवली.

आन मग हा कावळा! लोक एकेक शब्द द्यायला लागले. तात्या म्हणले, "बिभीषणा, पोरीला शिकवू रे. मोहिनी शिकंल तेवढी शिकू दे." कावळा हलंना. आई म्हणली, "तुझा लाडका काळा एडका विकणार न्हाई." हलंना. पंचायतीचा मेंबर परमेश्वर पुढं झाला, "भाऊ, पुढच्या निवडणुकीत आपल्याच वॉर्डातून..." त्यावर कावळ्यानं सरळ पाठ फिरवली. कुणीतरी तंबाखूची पुडी ठेवली, कुणी चहा ठेवला. ऊन डोक्यावर आलं. तात्या म्हणले, "दर्भाचा कावळा करून शिववा आता." मी मनात म्हणलं, दादा गवताच्या कावळ्यावर जाणार? माझ्यापायी?

मी पिंडापुढं आडवा झालो आन ओरडलो, "दादा, ते टायर साधे होते!"

सगळं बाहेर आलं. अंगठा, अमावस्या, फोन, चौसाळ्याच्या पुढचा रस्ता, त्याचं हसणं, सगळं. "दादा, चारी टायर खरे टाकतो! दगडावाणी कडक टाकतो! शीव रे बाबा!" आई खाली बसली. आन कावळा? जागचा हलला न्हाई! आता बोला! ज्याच्यापायी मी सगळ्यांपुढं नागडा झालो, त्याला टायराचं काहीच न्हाई!

मग सत्यभामा वहिनी उठली. मी आठ वर्षांचा असताना ती लग्न होऊन आली, तवापासून तिच्याच हातचं खातोय. माझ्याकडं बघितलं न्हाई. पिंडापुढं हात जोडले. म्हणली, "तुमचा भाऊ येडा हाय, तुमाला ठाव हाय. मी त्याला उपाशी ठेवणार न्हाई. मी हाय तोवर त्याला दोन वेळचं मिळंल. आता तुमी जेवा."

तिचे हात खाली आले नव्हते, तेवढ्यात तो झपकन उतरला. तीन घास खाल्ले!

मी रडलो हो, मेंढरासारखा ओरडून रडलो. वाटलं, सुटलो. घरी जाताना वहिनीच्या मागं मागं गेलो. म्हणलं, "वहिनी, माफ केलंस ना?" ती थांबली. म्हणली, "जेवायला घालीन म्हणले. माफ केलं असं म्हणले का मी?" आन पुढं गेली. जाता जाता एवढंच बोलली, "गाडीला साधेच टायर टाक. आन एक स्टेपनी घे. पोरीला घेऊन जायचंय, कुठं बी मिळणारा टायर पायजे."

टाकले. दुकानदार म्हणंल ते टाकले, हात बी लावला न्हाई.

आता पंधरा दिवस झाले. सकाळ-संध्याकाळ ताट येतंय. गरम भाकरी, वर तूप, कांदा फोडलेला. ताट ठेवते आन जाते. घास खाली उतरत न्हाई हो, तुम्हाला सांगतो, भूक कसली ती लागत न्हाई. पण ताट परत पाठवायची सोय न्हाई. तिनं शब्द दिलाय. मी उपाशी राहिलो तर खोटी पडंल ती बिचारी... मग काय, बसतो आन सगळं संपवतो. परवा तर दोन भाकरी जास्त खाल्ल्या.