माफी मला मागा

मी मूळची वालूरची. आमच्या घरी मेंढरं. बापानं येशूचं नाव घेतलं ते मी जन्मायच्या आधी, पर हातातली काठी काय सोडली न्हाई, मेंढराला तीच आन् आईला तीच. मला वाटायचं समद्या घरी असंच असतंय. मग लग्न करून मानवतला आले. मालक जिनिंगमधी कापसाच्या गाठी उचलायचे, रविवारी मंडळीत लय गोड गायचे, आन् घरी आले की, काय सांगू तुमाला, भाकर गार हाय म्हणून थोबाडीत, भाकर गरम हाय म्हणून थोबाडीत.

एक दिवस सरपणाचं लाकूड उचललं त्यांनी. मी डोकं वाचवायला हात आडवा धरला, तं हाड मोडल्याचा आवाज मीच ऐकला. शेजारणीनं वालूरला फोन केला. माझा भाऊ जीपमधून कुऱ्हाड घेऊनच उतरला, दांडाच घातला ह्यांच्या डोक्यात, रक्त भळाभळा, भिंतीवर, मळलेल्या पिठावर. मग पातं वळवलं त्यानं. मी धडक्या हातानं दांडा धरला, म्हणलं दादा, ह्याला मारून तू जेलात जाशील, माझं काय व्हईल, चल मला घरी ने. शिव्या देत देत नेलं त्यानं मला.

थोड्या दिवसांनी मंडळीच्या पाळकांचा निरोप आला, तुझा नवरा बदललाय, देवानं कसं बदललं त्याची रविवारी समद्यांपुढं साक्ष देणार हाय, ये. गेले. डोक्याला टाके घातलेले हे समोर गुडघे टेकून ढसाढसा रडले, म्हणले परमेश्वरानं मला माफ केलं, आन् सारी मंडळी हालेलुया म्हणून टाळ्या वाजवायली. मी बायांच्या बाजूला, प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन बसलेली. एकानं तरी वळून बघावं माझ्याकडं! माझं डोकंच फिरलं बगा. उठले, म्हणलं, हात माझा मोडला आन् माफी परस्पर देवाकडून आणली व्हय? मला इचारलं का? पाळक म्हणले बाई, बस खाली. म्हणलं न्हाई बसत.

हे उठून बायांच्या चटईपर्यंत आले, हात जोडले. मी म्हणलं एकदाच मागून भागणार न्हाई. रोज सांजंला प्रार्थनेच्या आधी मला इचारायचं, माझ्याबद्दल तुझ्या मनात काय हाय, आन् मी खरं ते सांगणार. हात उचलला की त्याच दिवशी पोलीस आन् तिथून वालूर. हो म्हणले. तरी हाड जुळल्यावरच नांदायला गेले मी.

तवापासून इचारतेत. आधी दात-ओठ खाऊन इचारायचे. मी बोलले की भिंतीवर बुक्की मारून बोटं फोडून घ्यायचे, पर इचारायचेच. मला बी कवा कवा कंटाळा यायचा, वाटायचं काय न्हाई म्हणून मोकळं व्हावं, तरी सांगायचे.

परवा भावाच्या नातीच्या लग्नाला जायावरून आमचं वाजलं. त्यांनी पितळी तांब्या उचलून पार डोक्यावर नेला. मी हालले न्हाई. मग त्यांनीच तांब्या अंगणात भिरकावला. सांजंला इचारलं, काय हाय मनात? म्हणलं, भीती हाय. केस पांढरे झाले माझे, पर तुमचा हात वर गेला की अजून मला लुगड्यात मुतायला व्हतंय.

त्यांनी प्रार्थना तशीच ठेवली. मग उठून ताट वाढलं, माझ्यापुढं ठेवलं, म्हणले आधी तू जेव. आजवर कवाच म्हणले नव्हते. मी जेवले. देवाला मी एवढंच मागते बगा, यांचं इचारणं बंद पडू नये.