रिकामं उत्तर

कॉफीच्या कपाचं झाकण एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने वर येत होतं. ॲडलेडच्या मृत्युचौकशी न्यायालयाबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावरची बाई ते दाबतच राहिली. तिच्याबरोबरच्या वयस्कर माणसाने शेवटी कप काढून घेतला.

“थिया, आत एवढंच सांग, अर्ज सिस्टिमने बंद केला.”

“सिस्टिमला तसा नियम मी दिला होता, क्लाइव्ह. ‘ऑक्सिजनचं यंत्र अजून हवंय का’ या मेसेजला उत्तर ‘हो’ नसेल, तर अर्ज बंद कर.”

“मग बरोबरच आहे की.”

“मिसेस हाल्पिनना मेसेज मिळालाच नाही. युंटा गावाच्या पलीकडे, त्या ओसाड भागात, फोन लागतो कुठे? उत्तराची जागा रिकामी राहिली. रिकामं म्हणजे ‘हो’ नाही, म्हणून अर्ज बंद. यंत्र त्यांच्या घरी गेलं नाही, आणि त्या गेल्या.”

“चाचणीत सगळं पास झालं होतं. सही माझी आहे.”

“चाचणीतले पेशंट आपणच बनवलेले. प्रत्येकाने शहाण्यासारखं उत्तर दिलं.”

“हळू बोल. त्यांची मुलगी समोर बसलीय.”

“नियम बदललास?”

“निकालापर्यंत हात लावू नका म्हणाले वकील. आत्ता बदलला तर चूक कबूल केल्यासारखं दिसेल.”

“म्हणजे आज सकाळीही कुणाचे तरी अर्ज बंद झाले असतील.”

“माझी निवृत्ती तोंडावर आलीय, बाई. एवढं निभावून ने.”

“इतके दिवस तेच करतेय.”

दार उघडलं. “थिया झर्नर?”

“आले. क्लाइव्ह, मी आत सांगणार आहे. नियम मी लिहिला, आणि तो अजून चालू आहे.”