टँकरच्या नोटिशीबद्दल, बाबा यायच्या आत

आदरणीय अध्यक्षा विभावरी काकू, आजची सत्कारमूर्ती म्हणजे माझी दीदी प्रणोती, आणि समोर बसलेल्या समस्त काकू, मावश्या, वहिनी अन् पोरींनो, सगळ्यांले नमस्कार. प्रमुख पाहुणे रत्नाकर काकांची खुर्ची रिकामी आहे, पण मान खुर्चीलेही असतेच. तिलेही नमस्कार.

सकाळी न आलेला टँकर आत्ता आला म्हणून सगळे पुरुष डबे घेऊन पळाले. बाबा जाता जाता म्हणाले, "अंकुर, माइक सांभाळ, उलटंसुलटं बोलू नको." बाहेरचा भोंगा मी बंद केला आहे. आता बोलतो.

दोन वर्षांआधी टँकरच्या जागी जी नोटिस लागली होती ना, ती मी लिहिली होती.

अमिता वहिनी, हसू नका. करायले नको होतं, मले माहीत आहे. पण काहून केलं ते तर ऐका.

आपल्या कॉलनीच्या बोरिंगचं पाणी कसं, चहाआधीच चहाच्या रंगाचं. प्यायचं पाणी टँकरचं. तो येणार सातले, अन् दीदीची कोचिंग आपल्याच शहरातल्या गोरखपूर भागात साडेसातले. आईसंग आठ डबे भरून ती पोहोचे तोवर अर्धा क्लास संपे. तिथले सर म्हणत, "आ गईं पानीवाली मैडम?" पहिल्या वर्षी रेल्वेच्या परीक्षेत तिचे तीन मार्क कमी पडले. बाबा जेवताना म्हणाले, "या वर्षी झालं तर झालं, नाही तर स्थळं पाहू." दीदी उठली अन् दुसऱ्या दिवसासाठी डबे घासत बसली. मी इतका मस्तीखोर, पण त्या दिवशी मले एक मजाक सुचला नाही.

मग सुचला.

आता विचार करा, आपल्या कॉलनीतले अर्धे पुरुष फॅक्टरीतले. घरात कोणाचं ऐकतात? पण बोर्डावर कागद दिसला अन् खाली "आज्ञा से" लिहिलं असलं, तर माणूस चप्पल नीट करून उभा राहते! मी लिहिलं, "एतद्द्वारा सूचित किया जाता है कि जल-ग्रहण हेतु परिवार के वयस्क पुरुष सदस्य ही पंक्ति में उपस्थित रहें। आज्ञा से, टैंकर व्यवस्था समिति।" म्हणजे पाण्याच्या लाइनीत घरातले मोठे पुरुषच पाहिजेत. अशी समिती जगात कुठंच नाही. मी बारावीत हिंदीत नापास होतो, पण जेवढी कमी समजते तेवढी ती सरकारी वाटते. चिकटवायले पिठाची लई, म्हणजे खळ, आईनं करून दिली. कशासाठी पाहिजे, ते तिनं विचारलं नाही. आई, आता खाली काहून पाहून राहिली?

दुसऱ्या दिवशी लाइनीत सगळे पुरुष. रत्नाकर काका तर घरून खुर्ची घेऊन आले. टँकरवाले अंबादास भैया घाबरले, म्हणाले, "क्या हो गया? कोई गुजर गया क्या?" बाबांनी आठ डबे वाहिले अन् खाटेवर आडवे झाले. आईले विचारतात, "शकु, तू हे रोज करत होती?"

आई म्हणाली, "नाही हो. मी तर फिरायले जात होती."

दीदी त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर क्लासले पोहोचली. अन् पंधरा दिवसांत काय झालं? विभावरी काकूंनी पाइपलाइनसाठी सहा वर्षांत किती अर्ज केले होते, त्या इथंच बसल्या आहेत, विचारा. कोणी सही देत नव्हतं. आता कंबर धरून धरून सगळ्यांनी सह्या केल्या, अन् रत्नाकर काका स्वतः चार चकरा मारून आले. म्हणे, "ही तर फार गंभीर समस्या आहे!" काकू, तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी विसरणार नाही. आज पाइप चौकापर्यंत आला आहे.

अन् दीदी पास झाली. उद्या इटारसीले चालली, रेल्वेचं इंजिन चालवायचं शिकायले. दीदी, डोळे काय पुसून राहिली? गाडी चालवताना समोर पाहत जा.

आता मुद्दा. नळ लागायले अजून दोन-तीन महिने आहेत, अन् आपल्या स्वानंदीचा नर्सिंगचा पेपर पुढल्या महिन्यात. अशी समिती नाहीच, हे जर लाइनीत कळलं तर? मले वाटते, बाबा आता तरीही जातील. परवा नोटिस पावसानं फाटलेली होती, तरी गेलेच. पण पेपर स्वानंदीचा आहे, माझ्या वाटण्यावर कशाले सोडायचा?

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. लहान तोंडानं कोणाचा मान राहून गेला असेल, कुठं जास्त बोललो असेन, तर घरचा पोरगा म्हणून पोटात घाला.

अन् हात जोडतो, हे सगळंच पोटात ठेवा. रत्नाकर काका दारात आले, त्यांच्या मागे बाबा. वाजवा, टाळ्या वाजवा! काकू, तुम्हाले शपथ आहे, कोणालेच सांगू नका.