चाचणीला आलेले काका

बाप : “हे एक काका.” असं म्हणालीस तू! माझ्या तोंडावर. पोटच्या पोरीनं!

लेक : बाबा, आधी बसा तरी.

बाप : बसवलंस की मघाशी, ऑफिसात! हातात फोन देऊन. आमच्या ॲपवर दवाखान्याची वेळ घेऊन दाखवा म्हणे. आणि काचेमागे तुझे ऑफिसवाले दात काढतायत.

लेक : तुम्हाला नाही हसले ते.

बाप : मग काय भिंतीला हसले? मी बटण शोधतोय आंधळ्यासारखा, आणि तू मिठाची गुळणी धरून!

लेक : सांगायचं नसतं. माणूस कुठे अडतो ते बघायचं असतं. तुम्हीच शिकवलंत! नवी बॅग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचात आणि मला दटावायचात, “बोलू नकोस. हात कुठे जातो बघ.”

बाप : गिऱ्हाइकाला कोंडून त्याचा व्हिडिओ नव्हतो काढत! आणि बंद सापडला नाही, तर बॅग उसवायचो.

लेक : मलाही उसवायचंच आहे! तो स्क्रीन मीच बनवलाय. साहेब म्हणतात, देखणा आहे, राहू दे. उद्या तुमचा व्हिडिओ बघितला तरच ऐकतील.

बाप : पुसून टाक तो. माझी शोभा नको. बाकीचे आले होते ना, त्यांचा दाखव.

लेक : ते सगळे “छान आहे” म्हणाले आणि चहा पिऊन गेले. चिडलात ते तुम्ही एकटे. “छातीत कळ आलेला माणूस मरेल, पण हे बटण सापडायचं नाही.”

बाप : खोटं बोललो?

लेक : नाही. म्हणून तर दाखवायचाय.

बाप : मग बाप म्हणताना जीभ झडली होती? इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून चामडं शिवलंस. एक कोर्स काय केलास, बापाचा काका झाला!

लेक : एक माणूस कमी पडला म्हणून तुम्हाला बोलावलं, पण नातेवाईक चालत नाहीत तिथे. कळलं तर चाचणी बाद होते.

बाप : एवढंच कारण?

(ती फोनमध्ये डोकं घालते.)

बाप : बोल की.

लेक : नाही, एवढंच नाही! रंगानं काळे झालेले हात घेऊन तसेच दारात उभे राहिलात. लाज वाटली मला. झालं समाधान?

बाप : झालं.

लेक : उद्या सांगते सगळ्यांना, हे माझे वडील आहेत.

बाप : आणि चाचणी?

लेक : होऊ दे बाद.

बाप : अक्कल गहाण टाकलीस का गं? नको सांगूस. आधी ते बटण लोकांना सापडू दे. बाप कुठे पळून जातोय.