बाहेरून कुलूप

(नरोली, १९९१. कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, दुपार. सुकदेवच्या हातात कुलूप, त्याची बायको चिमाबाई उंबऱ्यात, शेजारच्या कमळाबाई ओट्यावर.)

सुकदेव : आत हो चिमा. कुलूप लावू दे, कंपनीतल्या पाळीचा टाइम झाला.

चिमाबाई : आज कुलूप नही. सकाळपासून तेच सांगते मी.

सुकदेव : अगं, या लाइनीत सगळेच लावतात. कुलूप दिसलं की लोकांना वाटतं, खोली खाली हाये. गुजरातेत दारूबंदी, तिथून प्यायला येनाऱ्यांची इथं जत्रा असते. तू एकटी हाये हे कोनाला कळायला नको.

चिमाबाई : काल तुम्ही गेल्यावर दार वाजलं. आतून. मी स्टोजवळ भाकरी थापत होते, दाराशी कोनी नव्हतं.

सुकदेव : उंदीर असंल.

चिमाबाई : उंदीर मुठीनं दार ठोकतो का?

कमळाबाई : सुकदेव, शेजारी राहते म्हणून बोलते. तुमच्या आधी इथं भास्कर आणि त्याची शोभा राहायची. तोही असाच तिला कोंडून कामावर जायचा. एक दिवस स्टो भडकला. ती दार ठोकत राहिली. बाया नळावर पाणी भरत होत्या, पण कुलूप बघून त्यांना वाटलं, आवाज पलीकडच्या खोलीतला. धूर दिसला तेव्हा चावी भास्करच्या खिशात आणि भास्कर मशीनवर.

सुकदेव : हे खोली घेताना का नही सांगितलं, मावशी?

कमळाबाई : घरमालक समोर उभा होता ना.

सुकदेव : मी असलं मानत नही. चिमा, तू बाहेर ये. हे बघ, लावलं कुलूप. तिघं बी बाहेर, आत कोनी नही. आता ऐक.

चिमाबाई : ऐकलं?

सुकदेव : वाजलं.

कमळाबाई : देवा रे. अजून वाजतंय.

सुकदेव : चिमा, चल. सामान राहू दे. स्टँडवर जाऊ, गावची गाडी पकडू.

चिमाबाई : गावाला तुमचा भाऊ आपल्याला दारात उभं करीत नही. काम इथं, घर इथं. मी नही जानार. चावी द्या.

सुकदेव : आत जाशील? भीती नही वाटत?

चिमाबाई : भीती लै वाटते मला. पन तिला मला मारायचं असतं तर कालच मारलं असतं, मी कोंडलेलीच होते. ती दार उघडा म्हन्ते, दुसरं काय म्हन्ते? द्या चावी.

कमळाबाई : सांभाळून गो पोरी.

चिमाबाई : शोभाताई, दार उघडलं बघा. या बाहेर.

सुकदेव : थांबलं.

चिमाबाई : तुमच्या पिशवीत पाना-पक्कड असंल. दाराचा बाहेरचा कोयंडा काढा.

सुकदेव : कंपनीतली पाळी चुकंल.

चिमाबाई : चुकू द्या. आतली कडी मजबूत हाये, मी ती लावीन.

सुकदेव : आन एखादा दारुड्या आला तर?

चिमाबाई : ओरडीन. सगळ्या लाइनीला कळू द्या, आत बाई हाये म्हनून.

कमळाबाई : मी आहे रे इथं. नळावर बायाही असतात. काढ तू.

सुकदेव : निघाला. एक खिळा राहिला, तो बी काढतो.

कमळाबाई : आणि चिमा, ती परत आली तर?

चिमाबाई : येऊ द्या, मावशी. दिवसभर मलाबी बोलायला कोनी नसतं.