मशीन बंद पडलं की फोन

नाही ना सापडलं काही? वायर चांगली, अर्थिंग चांगलं — मला वाटलंच. बसा दादा, चहा घ्या, कपाट एकट्याने सरकवलंत. हो, तो पंख्याचा आवाज मशीनचाच. माझ्या मुलाचं, हरेशचं. तो जर्मनीत असतो, मशीन इथे घणसोलीला माझ्याजवळ — एवढं धूड विमानातून कसं नेणार? नोकरी वेगळी, हे त्याचं स्वतःचं काम. कसलं? मी दहावी शिकलेली, पण त्याने मला नीट समजावलंय. आमच्या वरच्या भाड्याच्या खोल्या बघितल्यात ना, तशी कॉम्प्युटरची मेमरी. खूप कामं एकाच वेळी आत जागा मागतात, आणि कुलूप मात्र एकच, खालच्या मोठ्या दाराला. एक आत शिरला की बाकीचे दाराबाहेर उभे. हरेश म्हणतो, खोलीखोलीला वेगळं कुलूप लावू. सोपं वाटतं ना? नाही हो! एक जण आपली खोली अडवून शेजारची मागतो, शेजारचा याची मागतो — बसले दोघं वाट बघत, जन्मभर. सगळं मशीन अडकतं. म्हणून दिवसरात्र चाचणी. त्यात ते मूळ कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारीच म्हणा, ते बनवणारे दर दोन-अडीच महिन्यांनी नवं काढतात, की याने आपली कुलुपं त्यात पुन्हा बसवायची, पुन्हा चाचणी. त्यांनी याचं अजून घेतलेलं नाही ना. न अडकता चालवून दाखव, मग बघू, म्हणाले.

आधी सारखं अडकायचं. स्क्रीन अक्षरांनी भरायची, त्याला तिकडे कळायचं आणि लगेच फोन — "आई, शेवटच्या ओळी वाच." फोटो पाठव म्हणायचा, पण माझे फोटो हलतात. मग मी वाचायची, एकेक अक्षर. हळू. मुद्दाम नाही हो — बरं, थोडं मुद्दाम. वाचून झालं की विचारायचा, जेवलीस का, काय केलं होतंस? खाडीच्या निवट्यांचं, मासळीचं कालवण म्हटलं की चिडायचा, "आई, मी इथे पाव चावतोय गं, नको सांगूस." पण सगळं ऐकायचा, कोकम घातलंस का ते पण विचारायचा.

मग त्याने ते दुरुस्त केलं. मशीन अडकेचना. चांगलंच झालं की, हुशार आहे माझा मुलगा. फोन? कामात असतो. मी मेसेज केला की अंगठा येतो.

आता गेल्या महिन्यापासून पुन्हा बंद पडतंय, आणि स्क्रीन कोरी. वाचायला एक ओळ नाही. त्यालाच कळेना. झोपत नाही, शोधत बसतो. परवा म्हणाला, "आई, माझ्याच कुलपांत कुठेतरी खोट आहे, मला दिसत नाही. वायरिंग ठीक निघालं तर मी त्यांना कळवून टाकतो, माझं मागे घेतो म्हणून." इतक्या वर्षांचं काम, दादा! रडल्यासारखा आवाज होता त्याचा. म्हणून तर तुम्हाला बोलावलं त्याने.

बटण? छे, ते मागचं बटण घट्ट आहे, चांगला जोर लावून दाबावं लागतं, अंगठा दुखतो — असं काय बघताय? पुसताना लागतं कधी. रविवारी. रविवारी त्याला सुट्टी असते ना... म्हणजे, धूळ मी रविवारीच पुसते.

दादा, वायर ढिली होती असं सांगाल त्याला? एवढंच? लाइट गेली म्हणावं तर इन्व्हर्टर आहे, त्यानेच लावलाय. तुम्ही सांगितलंत तर पटेल त्याला, तो काही मागे घेणार नाही. आणि मी पण आता... नाही. नाही, मला माहितीये. घरात दिवसभर हा पंखा ऐकायचा, रविवार आला की माझा हात तिकडे जाणारच.

आला बघा फोन, त्याचाच. तुम्हालाच मागेल. नको, तुम्ही नका घेऊ, द्या इकडे — मीच सांगते त्याला, बटणाचं. चहा राहू दे तसाच. तुम्ही या आता, दादा. जाताना दार ओढून घ्या.