मुडदा पनवेललाच का?

मारायचं अंधेरीत, पैशाची भानगड पुण्यात, आणि मुडदा मात्र आणून टाकायचा पनवेलला! लाज कशी वाटत नाही? नाही, मी कुणाचंही नाव घेत नाहीये, ज्यांना लागायचं त्यांना बरोबर लागेल... पण मला एक सांगा, तुम्ही कुठलीही क्राइम सिरीज लावा, कुठलीही, दर आठवड्याला एक नवीन येतेच आहे, पहिल्या भागात श्रीमंतांची पार्टी, दुसऱ्यात भांडण, आणि तिसऱ्यात एक गाडी टोलनाका ओलांडते, वरून ड्रोन, खाली खाडी, सगळीकडे धुकं... धुकं! पनवेलला! अहो, आमच्याकडे धूळ असते, डंपरची धूळ! ...आणि धुकं दिसलं की समजायचं, आली गोणी. डिकी उघडते, धप्प! अरे, एवढा महाराष्ट्र पडलाय, तुम्हाला तुमची स्वतःची खाडी आहे, मग मुडदा पनवेललाच का?

मी रंजिता. पनवेलजवळच्या विचुंब्याची. टॉवर उभे राहिल्यावर आलेली नाही, टॉवर ज्यांच्या भातखाचरांवर उभे राहिले त्यांच्यातली. आणि तुम्हाला सांगते, मला गुन्हेकथांचा राग नाही, उलट जीव आहे माझा त्यांच्यावर. कॉलेजात असल्यापासून वाचतेय, त्यांच्यावर लिहितेय, आमचा वाचकांचा गट आहे पनवेलमध्ये, तिथे आम्ही तावातावाने भांडतो. माझी तत्त्वं दोनच. पहिलं, ज्या गोष्टीत मेलेल्या माणसासाठी कुणी रडत नाही, ती गोष्ट खोटी. चांगल्या पुस्तकात बघा, मेलेल्याला नाव असतं, घर असतं, कुणीतरी त्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं. पडद्यावर काय? मुडदा म्हणजे सामान! आणि दुसरं तत्त्व, मेलेला माणूस मेलेलाच राहिला पाहिजे. हे जे दुसऱ्या सीझनला 'तो मेलाच नव्हता' म्हणून उठवतात ना, ती शुद्ध फसवणूक आहे. आम्ही काय वेडे म्हणून हळहळलो का?

तर मध्यंतरी असंच एक नवीन आलं. चौथ्या भागात नेहमीप्रमाणे गाडी, धुकं, आणि पुढे आपट्याजवळ पाताळगंगेच्या काठी एक वाडी, तिथे पोलीस जमीन खणतात. मी घरी बघत होते. आमच्या घरी एरवी संध्याकाळी टीव्हीवर आईचं राज्य असतं, पण त्या दिवशी आई म्हणाली, "लाव, लाव, तुझं ते खुनाचं लाव." मी म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला? बाबा येऊन समोरच्या सोफ्यावर बसले. माझी सोनाबाई आत्या, बाबांची मोठी बहीण, जी टीव्हीला 'डोल्यांचा सत्यानास' म्हणते, तीसुद्धा पाट घेऊन बसली. आणि आता आठवलं की अंगावर काटा येतो... तिघांतलं एकही टीव्हीकडे बघत नव्हतं. तिघंही माझ्याकडे!

पडद्यावर फावडी चालली, माती उडाली, आणि निघाला मुडदा. चिखलाने माखलेला, तोंड सुजवलेलं, वरून ते ढ्यांव-ढ्यांव संगीत... आणि मी काय केलं असेल? हसले. खो-खो हसले! कारण त्या मुडद्याच्या पापण्या फडफडत होत्या. पोट वरखाली होत होतं. आणि कित्येक दिवस जमिनीत पुरलेल्या त्या माणसाच्या शर्टाच्या बाहीला कडक इस्त्री होती! मी म्हटलं, "आई, बघ, बघ, मुडदा श्वास घेतोय!" आई उठून आत गेली. बाबा गेले. आत्या जाताना एवढंच बोलली, "हस. हस गो बाय, हस."

मला काय कळणार? मी बसले आणि लिहिलं. असं लिहिलं की विचारू नका! शीर्षकच दिलं, 'मुडदा पनवेललाच का?' दिग्दर्शकाला झोडलं, लेखकाला झोडलं, आणि एक अख्खा परिच्छेद त्या मुडद्यावर. 'इतका वाईट मुडदा मराठी पडद्याने पाहिला नसेल. ज्या माणसाला स्वस्थ पडून राहण्याचाही अभिनय जमत नाही, त्याने कृपया उठावं आणि घरी जावं.' लोकांना जाम आवडलं! करंजाड्यापासून उरणपर्यंत फिरलं. परिच्छेद कापून, त्यावर हसण्याची चित्रं लावून लोक एकमेकांना पाठवत होते.

आणि घरात? घरात बाबा माझ्याशी बोलेनात. भांडण नाही, काही नाही, नुसतं बोलेनात. मी चहा दिला की कप उचलायचे, बघायचे भिंतीकडे. त्यातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करायची, लांबवू नका. लांबवू नका म्हणजे खरंच लांबवू नका. सगळी धावपळ केली, विम्याचं बघितलं, रक्त देणारे बघितले, ॲडमिट व्हायचा दिवस ठरला, आणि त्या दिवशी सकाळी गाडी दारात, बॅग डिकीत, आमचा ड्रायव्हर हरेश गाडी चालू करून बसलेला... आणि बाबा ओट्यावरच्या खुर्चीतून उठेचनात!

"मना नाय जायचा."

मी म्हटलं, बाबा, असं काय करता? घाबरलात का?

"घाबरतंय कोन? पन ते निपटल्याबिगर मी टेबलावर नाय झोपनार."

ते म्हणजे काय? आई पदर चाळवतेय, बाबा भिंत बघतायत... शेवटी आत्याचा बांध फुटला. "काय म्हंजे काय? तुज्या बापाला कावला शिवलाय गो! डोक्याला शिवलाय, भर सकालचा, गाडी पुसताना!"

आता तुमच्यातल्या काहींना माहीत असेल, काहींना नसेल. आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला की तो माणूस फार दिवसांचा नाही असं धरतात, आणि त्यावर उताराही आहे. तो माणूस मेला अशी खोटी बातमी नातेवाइकांना पाठवायची. ती ऐकून रक्ताच्या माणसाने खरोखर रडायचं. डोळ्यांतून पाणी पडलं की मरण चुकलं. मग दुसरा निरोप धाडायचा, जिवंत आहे, या जेवायला. आजवर असंच चालत आलं. पण आता काळ कुठला? करंजाड्याच्या आमच्या चुलतकाकांच्या वेळी त्यांच्या पोरांनी हीच बातमी मोबाइलवर टाकली, आणि लोक रडायच्या आत नाक्यावर बॅनर! 'भावपूर्ण श्रद्धांजली'! काकांचा फोटो सुपारीएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांचे भोपळ्याएवढे! तो बॅनर गणपतीपर्यंत हलला नाही. काका त्याच्याखालून भाजी आणायला जायचे. आजही त्यांना बघून एखादी म्हातारी रस्ता ओलांडते.

म्हणून बाबा म्हणाले, बॅनर नको. मग दुसरा उपाय कुणी काढला असेल? हरेशने! आमच्या आपट्याच्या वाडीत त्याच सुमारास शूटिंग होतं. हो, आमचीच वाडी, त्या धुक्यात मलाच ओळखू आली नाही! मी इथे बोंबलतेय, मुडदा पनवेललाच का, मुडदा पनवेललाच का, आणि खड्डा खणायला जागा दिली कोणी? माझ्या बापाने! मला सांगितलं होतं की वाडीत बोअरचं काम निघालंय, तिकडे फिरकू नको. तिथे हरेशला हवालदाराचं काम मिळालं, म्हणजे फावडं धरून उभं राहायचं. आणि मुडदा होणारा नट आलाच नाही. हरेश म्हणाला, "शेठ, तुमीच झोपा ना! पोरगी सगल्या सिरीजी बगते. बगंल, रडंल, निपटला!"

ऐकताय ना तुम्ही? म्हणून त्या दिवसांत बाबांची मिशी गेली होती! न्हाव्याचा हात घसरला म्हणाले होते, आणि मी न्हाव्याशी भांडायला निघाले होते!

तो मुडदा... ज्याला मी घरी जा म्हटलं... तो घरीच आला होता हो. माझ्या समोरच्या सोफ्यावर बसला होता. माझं तोंड बघत बसला होता, की आता हिच्या डोळ्यांत पाणी येईल, मग येईल...

"सगलं जग रडला," आत्या म्हणाली. "मी रडली. पन मना म्हाईत होता, म्हनून माजा धरत नाय. तुजी आय रडली, पन ती साबनाची जायरात बघून पन रडते, आनि ती रगताची नाय. रगताची एकलीच तू. तुला कलू दिला नाय, कुनाला बोलू दिला नाय... आनि तू! रडायचा सोडून बापाला मार्क दिलेस?"

मी शिकलेली बाई. मला कावळा-बिवळा मान्य नाही. मी म्हटलं, आत्या, हे सगळं थोतांड आहे, बाबांच्या हृदयात अडथळे आहेत आणि ते कावळ्याने घातलेले नाहीत, आपण आत्ताच्या आत्ता निघायचं! तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन, निघालात का? मी म्हटलं, निघतोच आहोत. बाबा खुर्चीत. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. पण कपाळावर घाम... सकाळच्या गारव्यात घाम! आणि एक हात असा छातीवर. तेव्हा मला खरी भीती वाटली. कावळ्याची नाही. हा माणूस हट्टाने इथेच बसून राहणार, आणि इथेच... बसल्या जागी...

मी म्हटलं, ठीक आहे. लावा टीव्ही. रडते मी.

आत्याने विचार केला. "आता तुला ठावं झालाय... पन मेलेला बघून पानी आला तर चालंल. पानी खरा पायजे."

लावला चौथा भाग. गाडी, धुकं, खाडी. फावडी चालली. निघाला मुडदा. मी डोळे ताणून बसले. आता सांगा, हुकमी रडू येतं का हो? एरवी मी नको तिथे रडते, ऑफिसात साहेब ओरडला तरी रडते, आणि इथे डोळे कोरडे ठक्क! कारण पापण्या फडफडतायत! पोट वरखाली होतंय! बाबा, थोडं तरी पडून राहायचं ना स्वस्थ! पुन्हा लावला. पुन्हा नाही. बाहेर हरेश हॉर्न वाजवतोय. फोन वाजतोय. आईने हळूच आतून चिरलेला कांदा आणला, माझ्या हातात कोंबला... आत्याने तो हिसकावून अंगणात भिरकावला. "कांद्याचा पानी कांद्याचा! बापाचा नाय!"

तिसऱ्यांदा लावलं. मी टीव्हीला नाक लावून बसले. आणि फावड्याची माती शर्टावरून सरकली ना, तिथे मी थांबवलं. आकाशी शर्ट. वरून दुसरं बटण पांढरं, बाकीची निळी.

ते बटण मी लावलंय.

माझ्या पहिल्या पगाराचा शर्ट आहे तो. पहिल्याच दिवशी बटण तुटलं, घरात निळं नव्हतं, मी पांढरं लावून दिलं, आणि बाबांनी तो पुढे कधी घातलाच नाही. मला वाटलं होतं, आवडला नाही. कपाटात घडी घालून ठेवला होता, 'चांगल्या दिवसाला हाय' म्हणून. आणि या माणसाने त्याला कडक इस्त्री करून, तो घालून, खड्ड्यात उतरून अंगावर माती घेतली... कशासाठी? तर पोरीने टीव्हीवर बघितलं तर निदान शर्टावरून तरी ओळखावं. आणि मी लिहिलं, इस्त्री बघा! अख्ख्या तालुक्याला सांगितलं, या मुडद्याची इस्त्री बघा!

...आलं. कसं आलं ते कळलंच नाही. नाक, डोळे, सगळीकडून आलं. मी त्या गोठलेल्या पडद्यासमोर बसून हमसाहमशी रडत होते, बाबा बाबा करत होते, आणि पडद्यावर माझा बाप मातीत पडलेला होता, एक पापणी अर्धी उघडी... आत्याने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, बोट लावून बघितलं, आणि जोरात हाक मारली, "कमलाकर! उठ रे! पानी आला!"

बाबा उठले. चपला घातल्या. माझ्याजवळ येऊन डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इतका वाईट केला नव्हता गो मी." आणि गाडीत जाऊन बसले!

निघालो. मी पुढे, बाबा आई आत्या मागे. बाबा डोळे मिटून बसलेले, आरशात मी त्यांची पापणी बघतेय, फडफडतेय ना, पोट वरखाली होतंय ना... जगातली सगळ्यात सुंदर फडफड! फडफडा हो बाबा, वाटेल तेवढं फडफडा, एक शब्द लिहिणार नाही! ऑपरेशन व्हायचंय अजून. तत्त्वं, परिच्छेद, कावळा, सगळं एकाच गाडीत घेऊन चाललेय, आणि पनवेलचा सिग्नल काही सुटत नाही. हरेशने माझ्याकडे एकदा बघितलं. या माणसाला गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकायची जुनी खोड आहे. जवळ वाकला, आवाज खाली केला आणि म्हणाला,

"ताई, डोले पुसा. दुसऱ्या सीझनला शेठ जिवंत निंगतात. मीच हात देऊन उठवतो."